अँब्युलन्स पोचण्याआधी

बडोद्याच्या जुन्या कोटाला चार दरवाजे. पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर दरवाजा, दक्षिणेला गेंडीगेट आणि पश्चिमेला लहरीपुरा. लहरीपुऱ्यातून आत शिरलं की रस्ता मांडवीला जातो. बाहेर पडलं की न्यायमंदिराची इमारत, तिच्यापलीकडे सुरसागर तलाव आणि पुढे रावपुरा, दांडियाबाजार. पायी सहज फिरून होईल एवढ्या या पट्ट्यात अग्निशमन दलाचं ठाणं आहे, पोलीस ठाणं आहे, प्रोफेसर माणिकरावांचा आखाडा आहे, मांडवीला राणी जमनाबाईंच्या नावाचं इस्पितळ आहे, आणि १९९३ साली ज्याच्या पाण्यात २२ माणसं बुडाली तो सुरसागरही आहे. संकटात सापडलेल्या माणसाला कोण सोडवतं, याचा या शहरातला इतिहास एवढ्याशा जागेत पाहता येतो. सरकारी गाडीच्या आधी जे पोचतात, त्यांचाच तो मुख्यतः इतिहास आहे.

कोटाच्या आतली वस्ती पोळांची, म्हणजे जुन्या दाट मोहल्ल्यांची, आहे. गल्ल्या अरुंद, घरं भिंतीला भिंत लावून उभी, जिने उभे आणि काळोखे. मोठी गाडी पोळेच्या तोंडाशीच थांबते. तिथून पुढे स्ट्रेचर हातांवर न्यावं लागतं, आणि जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर अडलं तर रोग्याला खुर्चीत बसवून किंवा चादरीच्या झोळीत घालून खाली आणावं लागतं. हे काम गाडीवरच्या दोघांच्याने होत नाही. शेजारपाजारचे चार हात लागतातच. उत्तरायणाच्या दिवसांत तर या भागाची परीक्षाच असते. पतंग-मांजाचा बाजार गेंडीगेटला भरतो, सगळं शहर गच्च्यांवर चढतं, कुणी कठड्यावरून पडतं, कुणाचा गळा मांजाने कापतो. गुजरातची १०८ रुग्णवाहिका सेवा दर वर्षी १४ आणि १५ जानेवारीसाठी जादा तयारी करते. तरीही कापलेल्या गळ्यावर पहिला स्वच्छ कपडा दाबून धरतो तो गच्चीवरचाच कुणीतरी.

अशा शेजारच्या हातांना वळण लावण्याचं काम बडोद्यात फार आधीपासून आखाड्यांनी केलं.

वस्ताद जुम्मादादांनी १८८० मध्ये सुरू केलेला आखाडा त्यांचे शिष्य गजानन यशवंत तांबे, म्हणजेच प्रोफेसर माणिकराव, यांनी नावारूपाला आणला. सयाजीराव गायकवाडांनी त्यांना ‘राजरत्न’ किताब दिला. कुस्ती, मलखांब, लाठी, जंबिया हे तिथे होतंच, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने माणिकरावांच्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत. पहिली, सांघिक व्यायाम. शेकडो मुलांनी एका आज्ञेवर एकत्र हलायचं, आणि ती आज्ञा इंग्रजीतली नव्हे, देशी भाषेतली. बचावकार्यात गर्दी ही मदतही असते आणि अडथळाही. दोरीला पन्नास हात लागले आणि प्रत्येकाने आपल्या मनाने ओढलं, तर माणूस वर येण्याऐवजी जखमी होतो. एकाच्या शब्दावर सगळ्यांनी थांबणं आणि सगळ्यांनी ओढणं हे शिकवल्याशिवाय येत नाही.

दुसरी गोष्ट हाडवैद्यकीची. आखाड्याच्या हौद्यात खांदे निखळतात, मनगटं मोडतात, म्हणून वस्तादाला हाड बसवता येणं भाग असतं. माणिकरावांचा या कामात मोठा लौकिक होता आणि कुस्तीशी काडीचा संबंध नसलेली माणसंही दुखावलेले सांधे घेऊन त्यांच्याकडे येत. त्यातल्या सगळ्या पद्धती आजचा प्रथमोपचार मान्य करणार नाही. निखळलेला सांधा जागच्या जागी ओढू नये, आहे त्या स्थितीत आधार देऊन बांधावा आणि रुग्णालय गाठावं, असं आता शिकवलं जातं, कारण ओढाताणीत नस किंवा रक्तवाहिनी दुखावू शकते. पण जखमी माणसाजवळ न घाबरता बसणं, मोडलेला अवयव हलू न देता बांधणं, त्याला उचलून नेणं ही सवय आखाड्यातल्या पोरांच्या अंगी मुरत होती, आणि अजूनही प्रथमोपचाराचा निम्मा भाग तोच आहे.

या आखाड्याचा पसारा मोठा होता. पुढे लोणावळ्यात कैवल्यधाम उभारणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, १९०७ ते १९१० या काळात माणिकरावांकडे शिकले. छोटुभाई आणि अंबुभाई या पुराणी बंधूंनी इथली विद्या गुजरातभरच्या व्यायामशाळांत नेली. १९३६ ते १९४९ या काळात बडोद्यातच मराठी ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड निघाले. द. चिं. मुजुमदार त्याचे संपादक. एका संस्थानी शहरात, गुजराती मुलखात, मराठीतून एवढं काम व्हावं ही साधी गोष्ट नाही.

आखाडा उभा राहत होता त्या काळात जगात इतरत्रही असंच काही घडत होतं. लंडनमध्ये १८७७ साली सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली आणि गिरणी-खाणीतल्या कामगारांना पट्ट्या बांधायला शिकवू लागली. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, रोआनोक गावी, ज्युलियन स्टॅन्ली वाइज नावाच्या मुलाने १९०९ साली दोन माणसांना नदीत बुडताना पाहिलं. काठावर लोक उभे होते, पण वाचवायचं कसं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १९२८ मध्ये त्याने सोबती जमवून स्वयंसेवी बचाव पथक उभं केलं. अमेरिकेतलं हे पहिलं असं पथक मानलं जातं. त्याच्या नमुन्यावर पुढे गावोगावी पथकं निघाली आणि त्यांतूनच तिथल्या आजच्या रुग्णवाहिका सेवेचा मोठा भाग वाढला. बडोद्यात तशी सलग वाट तयार झाली नाही. आखाडे राहिले, पण बचावकार्य हळूहळू सरकारी खात्याकडे गेलं आणि मधला धागा सुटला.

तो सुटण्याआधी, जुलै १९२७ च्या अखेरीस, गुजरातवर महापूर कोसळला. खेडी वाहून गेली आणि विश्वामित्री नदी बडोद्यातही शिरली. सरकारी यंत्रणा हलण्याआधी वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवक धान्य, कपडा आणि बियाणं घेऊन गावोगाव पोचले. वल्लभभाईंच्या सार्वजनिक आयुष्यात बार्डोलीच्या सत्याग्रहाआधीचं हे मोठं काम होतं, आणि ते शिस्तीने पार पडलं ते स्वयंसेवकांची नीट बांधणी होती म्हणूनच.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि मुंबईच्या संस्था इकडे लागू झाल्या. होमगार्ड त्यांपैकी एक. ६ डिसेंबर १९४६ रोजी दंगलींच्या दिवसांत मुंबईत हे दल उभं राहिलं होतं. १९६८ चा नागरी संरक्षण कायदा युद्धाच्या छायेत आला. अग्निशमन दलाकडे मात्र आगीखेरीज सगळंच येऊन पडलं. विहिरीत पडलेलं माणूस, कोसळलेलं घर, झाडावर अडकलेलं जनावर, तलावातलं प्रेत, गणपती विसर्जनाचा बंदोबस्त, सगळ्यासाठी बंबखान्याला फोन. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात तो १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांच्या स्मरणार्थ. त्या दिवशीच्या फलकावर आग असते. वर्षभराच्या कामात पाण्याचा वाटाही मोठा असतो, हे कमी लोकांना माहीत असतं.

सुरसागरची गोष्ट इथे सविस्तर सांगायला हवी.

११ ऑगस्ट १९९३. श्रावणातला दिवस. महापालिकेने तलावातल्या नौकाविहाराचं काम ठेकेदाराला दिलेलं होतं. २० माणसांची क्षमता असलेल्या नावेत त्या दिवशी ३८ जण बसले. नाव उलटली आणि २२ जण बुडाले. प्रकरण पुढे ग्राहक न्यायालयांमार्फत सर्वोच्च न्यायालयात पोचलं. ‘बडोदा महानगरपालिका विरुद्ध पुरुषोत्तम मुरजानी’ या नावाने त्याचा निकाल १० सप्टेंबर २०१४ रोजी लागला, दुर्घटनेनंतर एकवीस वर्षांनी. क्षमतेपेक्षा जास्त माणसं, जीवरक्षक नाहीत, जीवरक्षक जाकिटं नाहीत, हे सगळं त्या निकालात नोंदलं गेलं आहे. ठेका दिला म्हणून पालिकेची जबाबदारी संपत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केलं.

हा तलाव म्हणजे कुठलं दूरचं रान नव्हे. भर शहरातला, चारी बाजूंनी बांधलेला, भोवती सतत माणसांचा राबता असलेला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही की चार ते सहा मिनिटांत कायमची हानी सुरू होते. एवढ्या वेळात कुठल्याही शहरातली गाडी क्वचितच पोचते. काठावर दोरी, रिंग आणि पोहणारे दोन प्रशिक्षित जीवरक्षक असते तर किती जण वाचले असते, हे आज सांगता येणार नाही. ते तिथे असायला हवे होते, एवढं मात्र निर्विवाद आहे.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर काय करायचं, याबद्दलही आपल्याकडे जुने समज घट्ट आहेत. पालथं घालून पोट दाबायचं, उलटं धरून पाणी काढायचं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पालथं निजवून पाठ दाबण्याची पद्धत प्रथमोपचाराच्या पुस्तकांतच होती, तेव्हा लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. छातीवर दाब देऊन हृदय चालतं ठेवण्याची पद्धत अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी १९६० मध्ये मांडली. पोटातलं पाणी काढण्यात मिनिटं घालवू नयेत, आधी तोंडाने श्वास द्यावा आणि छाती दाबावी, हे आज सर्वमान्य आहे. पण पुस्तकात बदललेली गोष्ट तलावाच्या काठापर्यंत यायला पिढ्या लागतात, आणि ती नेणारं कुणी ठरवून नेमलेलं नसतं.

रस्त्यावरच्या अपघातात आणखी एक अडथळा होता, भीतीचा. जखमीला दवाखान्यात नेलं तर पोलीस आपल्यालाच अडकवतील, डॉक्टर ‘आधी पंचनामा’ म्हणतील. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक डॉक्टरला, सरकारी असो वा खासगी, आधी जीव वाचवायला बांधून घेतलं. २०१६ मध्ये मदत करणाऱ्या नागरिकांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना न्यायालयाने कायद्याचं बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी १३४-अ हे कलमच आलं. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. रिक्षाचालकांना आणि दुकानदारांना ही गोष्ट अजून पुरेशी ठाऊक नाही, आणि अपघातानंतर पहिले धावतात ते बहुतेकदा हेच.

२००१ च्या भूजच्या भूकंपाने गुजरातला खडबडून जागं केलं. राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण त्याच वर्षी झालं, २००३ मध्ये राज्याचा कायदा आला, २००५ मध्ये देशाचा. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची सहावी बटालियन बडोदे जिल्ह्यात जरोदला आहे. आणि २९ ऑगस्ट २००७ रोजी गुजरातमध्ये १०८ सुरू झाली. हैदराबादेत २००५ मध्ये उभ्या राहिलेल्या सेवेचं ते पुढचं पाऊल होतं. महाराष्ट्राने २६ जानेवारी २०१४ रोजी ९३७ गाड्यांनिशी आपली सेवा सुरू केली.

दोन्ही राज्यांच्या सेवांत एक फरक आहे. महाराष्ट्राच्या गाडीत डॉक्टर असतो. गुजरातेत ईएमटी, म्हणजे आपत्कालीन तंत्रज्ञ, आणि चालक, ज्याला ‘पायलट’ म्हणतात, असे दोघे असतात, आणि अहमदाबादजवळच्या कठवाड्याच्या केंद्रातला डॉक्टर फोनवरून सल्ला देतो. बाळंतपण गाडीतच करावं लागलं, तर ते या तंत्रज्ञाच्याच हातून होतं. चुकलं तर बोल त्याच्यावर, जमलं तर नातेवाईक डॉक्टरांचे आभार मानून निघून जातात. ही माणसं कंत्राटावर काम करतात, रात्रपाळ्या करतात, जमावाचा राग झेलतात. २०२१ च्या सहायक आरोग्य व्यवसाय कायद्याने आपत्कालीन तंत्रज्ञाला देशपातळीवर मान्यताप्राप्त व्यवसायाचं स्थान दिलं. कागदावरचं हे स्थान पगारात आणि बढतीत उतरलं, तरच अनुभवी माणसं या कामात टिकतील.

पूर आला की मात्र १०८ ची गाडीही पाण्यापुढे थांबते. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात चोवीस तासांत जवळजवळ वीस इंच पाऊस झाला. विश्वामित्री रेल्वे स्थानकाजवळच्या वस्तीत पोलीस उपनिरीक्षक गोविंद चावडा एका तान्ह्या बाळाला प्लास्टिकच्या टबात ठेवून, टब डोक्यावर घेऊन, गळ्याएवढ्या पाण्यातून चालत आले. ते छायाचित्र देशभर गेलं. टब त्या घरातला होता. पोलिसाजवळ होडी नव्हती. धैर्य आणि साधनांची उणीव, दोन्ही त्या एका चित्रात आहेत.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री ३७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी २५ फूट. या नदीत मगरींची मोठी वस्ती आहे, आणि पाण्याबरोबर त्या सोसायट्यांच्या आवारात, अंगणात आल्या. २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत वनखात्याने आणि स्वयंसेवकांनी २४ मगरी पकडून हलवल्या. हे काम जगातल्या फार थोड्या शहरांना करावं लागतं आणि बडोद्याच्या पोरांनी त्याचं कौशल्य कमावलं आहे. ओलं पोतं टाकून आधी मगरीचे डोळे झाकायचे, फासाने जबडा आवळायचा, मग पट्टीने बांधायचा. जबडा मिटण्याची ताकद प्रचंड असते, उघडण्याची कमी, म्हणून एकदा तोंड बांधलं की अर्धी लढाई जिंकली. त्याच पाण्यात साप असतात, उघडी गटारं असतात, लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असतात. घोट्याला खरचटलेला स्वयंसेवक दिवसभर त्यात उभा राहतो. त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन, डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, गमबूट आणि विमा मिळायला हवा. दुसऱ्याचा जीव वाचवायला निघालेल्याची शहराने एवढी तरी काळजी घ्यावी.

डिसेंबर २०२३ मध्ये गुजरात सरकारने राज्यभरच्या शिक्षकांना सीपीआर, म्हणजे छाती दाबून हृदय चालतं ठेवण्याची पद्धत, शिकवण्याची मोहीम घेतली. त्याआधीच्या नवरात्रात गरबा खेळताना तरुण कोसळल्याच्या बातम्यांनी सगळे हादरले होते. पुढच्याच महिन्यात, १८ जानेवारी २०२४ ला, बडोद्यातल्याच हरणीच्या मोटनाथ तलावात सहलीला आलेल्या शाळेची नाव उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. पुन्हा ठेकेदार, पुन्हा क्षमतेपेक्षा जास्त माणसं, पुन्हा सगळ्यांना जाकिटं नाहीत. सुरसागरच्या निकालाला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती आणि त्या खटल्यातली पालिका हीच होती. बडोद्यातल्या कुणालाही हे वाक्य शांतपणे वाचता येणार नाही.

९ जुलै २०२५ ला पादरा तालुक्यात महीसागरवरचा गंभीरा पूल तुटला. गाड्या नदीत कोसळल्या आणि वीसहून अधिक माणसं गेली. मुजपूर आणि आसपासचे गावकरी दलं येण्याआधी पाण्यात उतरले होते. त्याच्या दोनच महिने आधी, ७ मे रोजी, नागरी संरक्षणाची देशव्यापी रंगीत तालीम झाली होती आणि बडोदे त्यातल्या पहिल्या श्रेणीच्या जिल्ह्यांत होतं. भोंगे वाजले, स्ट्रेचर धावले. तालीम हवाई हल्ल्याची होती. तलाव, पूल आणि पूर यांची तालीम शहराला त्याहून अधिक वेळा लागते.

केंद्राची ‘आपदा मित्र’ योजना २०१६ मध्ये ३० पूरप्रवण जिल्ह्यांत ६,००० स्वयंसेवकांनी सुरू झाली आणि नंतर ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांपर्यंत वाढवली गेली. बारा दिवसांचं प्रशिक्षण, साहित्याची पिशवी, विमा, असा तिचा आराखडा आहे. आराखडा चांगला आहे. अडचण पुढची आहे. छाती दाबण्याचं शिकलेलं कौशल्य सरावाविना काही महिन्यांत उतरू लागतं, आणि बारा दिवसांच्या शिबिरानंतर सराव कुठे करायचा याचं उत्तर योजनेत नाही. बडोद्यात ते उत्तर शोधणं इतर शहरांपेक्षा सोपं आहे. दांडियाबाजार, रावपुरा, मांडवी या भागांत गणेश मंडळं आहेत, गरब्याची मंडळं आहेत, व्यायामशाळा आहेत. प्रत्येकाकडे तरुणांच्या याद्या आहेत आणि दर पावसाळ्याच्या शेवटी ते एकत्र येतातच. मिरवणुकीच्या परवानगीचा अर्ज करताना मंडळाने प्रथमोपचार शिकलेल्या पाच जणांची नावं द्यावीत, आणि अनंत चतुर्दशीच्या आधी एका रविवारी अग्निशमन दलाने आणि १०८ च्या चमूने त्यांचा सराव घ्यावा. सरावाचा पुतळा, दोरी, रिंग आणि एक सकाळ, एवढाच खर्च आहे.